मी क्ष, वय ४७, धंदा नोकरी

‘मी, श्रीमती अमुक तमुक, वय अमुक वर्षे, धंदा नोकरी, राहणार मुंबई, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की...’

हे वाक्य मी १९ वर्षांत किती वेळा टाइप केलं असेल, त्याची गणती नाही. फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिस्ट आहे. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, मग श्रीलिपी, मग युनिकोड. हिरवा लेजर पेपर तेवढा तोच राहिला. लोक येतात, बाकड्यावर बसतात, आपली कहाणी सांगतात. साहेब ती कायद्याच्या भाषेत बोलतात आणि मी उतरवून घेते. पहिल्या ओळीत नाव. नाव नसेल तर तो कागद रद्दी.

माझ्या स्वतःच्या कागदाची पहिली ओळ जुलै २०२२ पासून अडली होती.

मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. २००३ साली मुलाच्या वेळी महापालिकेच्या प्रसूतिगृहात तपासणीत कळलं. कळा सुरू झाल्यावर मला नेविरापिनची एक गोळी दिली आणि बाळाला त्याच औषधाचे थेंब. मुलगा निगेटिव्ह आहे, आता २२ वर्षांचा. नवरा मूळजी जेठा मार्केटमध्ये गुमास्ता होता. सरकारची मोफत औषधं १ एप्रिल २००४ला सुरू झाली, मुंबईत जेजे रुग्णालयापासून. आम्ही मात्र त्याला टीबी पार मुरल्यावर घेऊन गेलो. २००५च्या दिवाळीआधी तो गेला. तेराव्यानंतर दिरांनी खोलीच्या कागदावर सही मागितली, लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. मी सही केली नाही. तेव्हा मला कोणताही कायदा माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यावा असा कायदा नव्हताही. आज २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं २९ वं कलम सांगतं की आम्हाला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. तेव्हा माझ्याकडे फक्त दाराची आतली कडी होती.

माझ्या गोळ्या २००७ साली सुरू झाल्या. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, १९०. त्या वेळी २००च्या खाली आल्याशिवाय औषध मिळत नसे, म्हणजे आधी पुरतं आजारी पडायचं आणि मग रांगेत उभं राहायचं. पहिल्या औषधांत स्टॅव्ह्युडिन होतं. त्याने जीव वाचला आणि गाल आत गेले. ही औषधं देणाऱ्या सरकारी सेंटरच्या रांगेत आम्ही एकमेकींना गालांवरून ओळखायचो. आता तीन औषधं एकत्र असलेली टीएलडीची एकच गोळी आहे, रात्री जेवून घेते. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर गेली कित्येक वर्षं विषाणू आढळलेला नाही. अशा माणसाकडून लैंगिक संबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता जगभरच्या डॉक्टरांना मान्य आहे. सेंटर कोणतं ते मात्र लिहीत नाही.

जुलै २०२२मध्ये पोटात उजवीकडे कळा यायला लागल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. घराजवळ दहा खाटांचं एक नर्सिंग होम आहे. शेजारच्या वहिनींच्या ओळखीचं म्हणून तिथे गेले. १५,००० रुपये आगाऊ भरले. वहिनी सोबत होत्या. त्यांना माझं काही माहीत नव्हतं. चाळीत कोणालाच नव्हतं. नवरा टीबीने गेला, एवढंच.

तू आधी का नाही सांगितलंस, असं इथे कोणी विचारेल म्हणून लिहिते. २०१४ साली दाताच्या डॉक्टरांना मी आपण होऊन सांगितलं होतं. त्यांनी हातातलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात फोन करा म्हणाले. मी तीन वेळा फोन केला. दाढ शेवटी दुसरीकडे काढली, न सांगता. आणि सांगण्याची सक्ती माझ्यावर नाहीच. कायद्याचं आठवं कलम आहे: कोर्टाचा हुकूम सोडला तर कोणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही.

रक्त काढताना सिस्टर म्हणाल्या, ‘सगळं रूटीन आहे.’ संमतीचा फॉर्म दोन पानी, इंग्रजीत. मी धंद्याने कागद वाचणारी बाई आहे, मी तो अखेरपर्यंत वाचला. ऑपरेशनची संमती होती, भुलीची होती. एचआयव्हीच्या तपासणीचा शब्द कुठेही नव्हता. कायद्याला त्या तपासणीसाठी समजावून घेतलेली संमती लागते, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन लागतं. उपचार हवे असतील तर आधी एचआयव्हीची तपासणी करा, अशी अट घालणं हाच मुळात भेदभाव आहे, असं तिसरं कलम म्हणतं. सरकारी आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, मी हे समुपदेशन अनुभवलंय. खुर्ची, बंद दार, पाण्याचा ग्लास, आणि समोर बसलेली बाई घाई करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाशी, हाताला सलाईन. कानातल्या कुड्या काढून रुमालात बांधल्या आणि वहिनींच्या हातात दिल्या. अकराच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर दारात आले. माझ्याकडे आले नाहीत. वहिनींना म्हणाले, ‘पेशंटबरोबर तुम्हीच ना? यांची एचआयव्ही पॉझिटिव्ह आलीय. आमच्याकडे नाही होणार हे. मोठ्या सरकारी हॉस्पिटलला न्या.’ आवाज चढलेला नव्हता. पण खोलीत सहा खाटा होत्या. त्यांच्या हातातल्या माझ्या फाइलवर लाल पेनाने गोल केलेला मला दिसत होता.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो रुमाल माझ्या हातात न देता खाटेवर, माझ्या पायाशी ठेवला.

ऑपरेशन नाकारलं याचा मला जेवढा राग आहे, त्याच्या कितीतरी पट या रुमालाचा आहे. आणि तो वहिनींवर नाही. त्यांना कोणी तयारच केलं नव्हतं. जे मी १९ वर्षं सांभाळलं, ते एका माणसाने दारात उभं राहून अर्ध्या मिनिटात वाटून टाकलं.

पैसे परत मिळाले, तपासण्यांचे ४,२०० कापून. पावतीत एक ओळ होती: एचआयव्ही, ४५० रुपये. मला न विचारता केलेल्या तपासणीचे पैसे मीच भरले. ती पावती मी जपून ठेवली.

तीन आठवड्यांनी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीने ऑपरेशन झालं. सर्जन बाईंनी माझ्या औषधांच्या नोंदींचं सेंटरचं हिरवं पुस्तक उघडलं, व्हायरल लोड बघितला, ‘गोळ्या नियमित आहेत ना?’ म्हणाल्या आणि पान उलटून साखर किती ते विचारलं. मी हातमोज्यांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, जी काळजी घेतो ती प्रत्येक पेशंटला एचआयव्ही आहे असं धरूनच घेतो, तुमच्यासाठी वेगळं काही नाही. लाल पेन नव्हता. चौथ्या दिवशी घरी आले.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले. लालबागमध्ये ते दहा दिवस काय असतात, ते राहणाऱ्यालाच ठाऊक. दरवर्षी वहिनींच्या घरी उकडीच्या मोदकांच्या पाऱ्या मी करते, माझ्या हाताला बारीक कळ्या येतात म्हणून. आदल्या रात्री त्या दारात येऊन म्हणाल्या, ‘तू आराम कर गं यंदा. टाके आहेत तुला.’ टाके सुकले होते. पुढच्या वर्षी टाक्यांचा विषयही नव्हता, तरी बोलावणं आलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही, जिन्यात भेटल्या की हसतात. असल्या गोष्टीवर कोणतं कलम लावायचं?

त्याच पावसाळ्यात दिल्लीत नॅको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयाबाहेर आमच्यासारखे लोक औषधांच्या तुटवड्यासाठी महिन्याहून अधिक काळ धरणं धरून बसले होते. टीव्हीवर त्यांचे चेहरे दिसत होते, रुमाल न बांधलेले. मी आवाज बंद करून बघत होते, भिंत पातळ आहे म्हणून.

सप्टेंबरात एका संध्याकाळी साहेब निघून गेल्यावर मी ऑफिसात थांबले आणि माझी तक्रार टाइप करायला बसले. कपाटातून कायदा काढला. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७. संसदेने २०१७च्या एप्रिलमध्ये केला, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ला. मधले १७ महिने तो नुसता छापलेला होता. शिवाय उपचारांच्या कलमात ‘शक्य तितके’ असे शब्द आहेत. माझ्यासारख्या बाईला रोज रात्री एक गोळी लागते. त्यात ‘शक्य तितकी’ किती, हे ते कलम सांगत नाही.

तक्रार अधिकारी नेमण्याचं कलम वाचलं. १०० किंवा अधिक माणसांच्या संस्थेला तो नेमावा लागतो, आरोग्यसेवेच्या संस्थेला २० माणसं असली तरी. मी बोटांवर मोजलं: दोन डॉक्टर, मदतनीस डॉक्टर, पाच सिस्टर, आया, वॉर्डबॉय, काउंटरवरचा मुलगा. वीस होत नाहीत. मुंबईतल्या गल्लोगल्लीची नर्सिंग होम अशीच आहेत, इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट जोडून केलेली. आमची निम्मी आजारपणं तिथेच निघतात आणि नेमकी तीच या कलमाबाहेर. आमचं ऑफिसही बाहेरच, आम्ही चार माणसं. भेदभावाची बंदी सर्वांना लागू आहे, हे खरं. पण तो केला म्हणून थेट शिक्षा नाही. शिक्षा आहे ती आमच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला, तीन महिने ते दोन वर्षं कैद. उपचार नाकारणाऱ्याच्या बाबतीत आधी राज्याने नेमलेल्या ओम्बुड्समनकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या माणसाकडे, तक्रार जाते, त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा, तातडीच्या उपचारांचा प्रश्न असेल तर २४ तासांत. तो आदेशही मोडला, तर दहा हजारांपर्यंत दंड आणि पुढे दररोज पाच हजारांपर्यंत. माझं पित्ताशय मोजलं तर एवढं.

मग मी एआयआर या निकालांच्या ग्रंथमालेचा १९९७चा मुंबईचा खंड काढला, पान ४०६. ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’. सरकारी मालकीच्या एका महामंडळात रोजंदारीवर काम करणारा मजूर. कायम करण्याआधी तपासणी झाली, एचआयव्ही निघाला, नाव यादीतून कापलं. अंगाने तो धडधाकट होता. आपल्या हायकोर्टाने सांगितलं की काम करण्याइतका तंदुरुस्त असलेल्या आणि दुसऱ्याला धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. आणि त्याचं नाव कागदावर येऊ दिलं नाही. ज्या इमारतीत मी रोज कागद पोचवते, तिथे एक मजूर नाव न सांगता लढला आणि जिंकला.

याच कोर्टाचा त्याआधीचा निकालही मला साहेबांकडून कळला होता. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं, त्यातून त्याचा एचआयव्ही उघड झाला, आणि पोलिसांनी त्याला उचलून टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या आईने दाद मागितली, पण हायकोर्टाने ती तरतूद उचलून धरली. डॉमिनिक १९९२ साली गेला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत झालं आणि त्याचा उपयोग त्याने उघडपणे आमच्यासाठी केला. मी त्याच्याएवढी धीट नाही, हे मला कबूल आहे.

मी पहिली ओळ टाइप केली. ‘मी, क्ष, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी’. गणितात माहीत नसलेल्या संख्येला क्ष म्हणतात. मला तर माझं नाव पुरतं माहीत होतं. प्रिंट काढली आणि पर्समध्ये घातली.

साहेबांना सांगायला डिसेंबर उजाडला. मसुदा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पेन्सिलीने एक कलम क्रमांक दुरुस्त केला आणि विचारलं, ‘पक्षकार कोण?’ मी म्हटलं, ‘मीच.’ ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, सावकाश. मग म्हणाले, ‘आधी नोटीस देऊ. माझे पक्षकार, एवढंच लिही.’ मी जायला उठले तेव्हा म्हणाले, ‘आणि मावशीकडे जायचं असेल तेव्हा जात जा. सांगायला नको.’ सेंटरच्या तारखेला मी आधी आईकडे जाते सांगायचे. आई २०१५ साली गेली, साहेब घरी भेटायला आले होते. त्यानंतर मी मावशी काढली होती. मला मावशी नाही, हे त्यांना बहुधा तेव्हापासून माहीत होतं.

नोटिशीला तीन ओळींचं उत्तर आलं: ‘आपल्या पक्षकाराचे नाव व दाखल क्रमांक कळविल्यास चौकशी करता येईल.’ साहेब म्हणाले, उत्तरात कायद्याने चूक काही नाही. नाव दिल्याशिवाय कोण काय शोधणार? पण काउंटरवरचा तो मुलगा आमच्या मागच्या चाळीत राहतो. ते पत्र माझ्या टेबलाच्या खालच्या खणात गेलं.

कोर्टात प्रकरण उभं राहिलं की ३४ वं कलम मदतीला येतं. टोपणनाव, बंद दाराआड सुनावणी. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३मध्ये तर एचआयव्ही असलेल्यांची प्रकरणं प्राधान्याने घ्या असं खालच्या कोर्टांना सांगितलं. लष्करी रुग्णालयात चढवलेल्या रक्तातून लागण झालेल्या हवाई दलाच्या जवानाचा तो खटला, दीड कोटीहून अधिक भरपाई मिळाली. पण कोर्टाच्या दारापर्यंतचा जो रस्ता आहे, त्यात प्रत्येक टेबलावर आधी नाव विचारतात. सेंटरच्या रांगेतली एक बाई संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन गेली होती. एचआयव्ही असलेल्यांना त्यात अनुदान आहे, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत चार घरची भांडी घासणारी बाई याच्यात बसत नाही. तिला खिडकीवर मोठ्याने विचारलं, ‘निराधार कशाने?’ ती अर्ज न देता परत आली.

या जूनमध्ये मुलाने माझ्यासाठी आरोग्य विमा घ्यायचं ठरवलं. त्याचा पहिला पगार झाला होता. फॉर्ममध्ये प्रश्न आला, एचआयव्ही आहे का. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. विमा प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३मध्ये सर्व आरोग्य विमा कंपन्यांना आमच्यासाठी पॉलिसी आणायला सांगितलंय, हे त्याने शोधून ठेवलं होतं. तो म्हणाला, ‘हो वर टिक करतो. नाकारलं तर लेखी नाकारू देत.’ त्याने टिक केलं. मग विचारलं, ‘तुझा तो कागद कुठेय?’

त्याला सगळं माहीत आहे, बारावीनंतर मीच सांगितलं. कायद्याचं २४ वं कलम त्यानेच मला पुन्हा वाचून दाखवलं. ओम्बुड्समनकडे तक्रार ‘कोणतीही व्यक्ती’ करू शकते. मी तीन वर्षांत ते शब्द दहा वेळा वाचले होते आणि मला त्यात मीच दिसत होते. तो म्हणाला, ‘माझं नाव घाल.’ मी नको म्हटलं. त्याचं नाव घातलं की आडनाव आलं, पत्ता आला, मधल्या नावात त्याचे वडील आले. माझं राहिलं काय?

सोमवारी साहेबांपुढे तेच पान उघडून ठेवलं. ते म्हणाले, ‘कोणतीही व्यक्ती म्हणजे मी पण. माझं टाक.’ उशीर झालाय म्हणून विलंबमाफीचा अर्जही जोडायचा ठरला. विलंबाचं कारण, या मथळ्याखाली दुसऱ्यांसाठी मी काय काय टाइप केलंय: आजारपण, गावी गेलेले, कागद गहाळ. इथे मी बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं, ‘सदर रुग्ण महिलेस आपली ओळख उघड होण्याची भीती होती व आहे.’ साहेबांनी त्यात काही बदललं नाही.

आता पावती राहिली होती. ती पुराव्याला हवीच, ४५० रुपयांची ओळ तिच्यावरच आहे. वर माझं पूर्ण नाव. काळ्या मार्करने ते खोडलं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं, तर शाईमागून अक्षरं दिसत होती. खाली जाऊन झेरॉक्स काढली. त्या काळ्या पट्ट्यातही आडनावाची वेलांटी उमटली होती. मग झेरॉक्सवर पुन्हा मार्कर फिरवला आणि तिची झेरॉक्स काढली. ती साहेबांना दाखवली, मुलाला फोटो पाठवून विचारलं. दोघांनाही नाव वाचता आलं नाही. निशाणी ‘अ’ म्हणून तीच जोडली आहे.